परड्यात ऊन नाही? हरकत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "आमच्या परड्यात ऊनच येत नाही, मग लावायचं तरी काय?" विचारणाऱ्या बहुतेक भगिनीच असतात, कारण घरामागचे परडे त्यांच्याच देखरेखीखाली असते. हौसेने गुलाब आणावा, मोगरा आणावा, जमिनीत लावावा, आणि दोन महिन्यांत त्याची काडी उंच, बारीक आणि पिवळट होऊन बसावी, हा अनुभव घरोघरी आहे. मग घरात एकच उपाय निघतो : ते आंब्याचे झाड काढा, तो फणस पाडा, म्हणजे ऊन येईल.

या महिन्यात आम्ही याच प्रश्नावर लिहीत आहोत. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. गुलाबाला ऊन लागते, ते सावलीत मिळत नाही, म्हणून गुलाब मरतो. यात सावलीचा दोष नाही. सावलीत आनंदाने वाढणाऱ्या वनस्पती आपल्या भागात भरपूर आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या तर आपल्या स्वयंपाकघरात रोज लागतात. आधी सावली ओळखायची, मग रोप निवडायचे. हा क्रम पाळला तर कुऱ्हाडीला हात लावावा लागत नाही.

नेसरीचा भाग या कामासाठी अगदी योग्य आहे. गडहिंग्लजकडून चंदगडकडे निघाले की पाऊस वाढत जातो, झाडी दाट होत जाते. नेसरी या वाटेवर मधोमध आहे. घाटमाथ्याइतका पाऊस नाही, पण हवेत ओलावा पुष्कळ. माती तांबडी, पाणी लवकर मुरू देणारी. जुन्या घरांमागे फणस, आंबा, शेवगा, नारळ यांतले एखादे झाड असतेच. सह्याद्रीच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत जे उगवते त्याचीच भावंडे आपल्या परड्यात सुखाने नांदतात. रानहळद, सुरण, मिरीची वेल, नेचे ही सगळी मूळची झाडाखालचीच मंडळी आहेत.

सावली मोजायची कशी?

"आमच्याकडे सावली आहे" एवढ्याने काही कळत नाही. सावलीचे प्रकार असतात. सुट्टीच्या एका दिवशी सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता परड्यात जाऊन पाहा. ज्या जागेवर थेट ऊन पडले असेल तिथे दर वेळी एक खडा ठेवा. संध्याकाळी खडे मोजा. चार-पाच खडे जमले ती उन्हाची जागा. दोन-तीन जमले ती अर्ध्या सावलीची. एक किंवा एकही नाही ती पूर्ण सावलीची.

पूर्ण सावलीतही फरक असतो. दुपारी एक पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि त्याच्या वर एक फूट उंचीवर हात धरा. कागदावर बोटे ओळखू येतील इतकी अंधुक सावली पडली तर तिथे उजेड चांगला आहे, बऱ्याच गोष्टी वाढतील. हाताचा आकारच उमटला नाही तर ती गडद सावली. तिथे निवड मोजकीच राहते.

झाडाची सावली आणि भिंतीची सावली यांतही फरक आहे. शेवग्याची सावली विरळ, तिच्यातून ऊन गाळून खाली येते. नारळाची सावली दिवसभर सरकत राहते. आंबा आणि फणस यांची सावली दाट, बारमाही. शिवाय झाडाची मुळे खालचे पाणी ओढून घेतात, त्यामुळे झाडाखालची जमीन पावसाळा संपला की कोरडी पडते. भिंतीच्या कडेची जमीन मात्र बऱ्याचदा ओलसर राहते. एक कोरडी सावली, दुसरी ओली सावली. ओल्या सावलीत अळू माजेल, तेच अळू फणसाखाली पाण्यावाचून माना टाकेल.

भिंतीची सावली फसवी असते

भिंतीच्या सावलीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आता गावात वाटण्या होऊन एकमजली घरांची दुमजली घरे होत आहेत, आणि नुकसान इथेच होते.

नेसरी साधारण १६ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी भर दुपारी १२ च्या सुमारास २० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळपास साडेसोळा फूट पडते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली सहा फुटांच्या आत येते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. याच दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेकडे असतो.

आता याचा अर्थ पाहा. भिंतीच्या उत्तरेला चौदा फूट रुंदीचे परडे असेल तर डिसेंबर-जानेवारीत दुपारीही ते पूर्ण सावलीत असते. त्या दिवसांत आणून लावलेले सावलीचे रोप खूश असते. एप्रिल-मे मध्ये त्याच रोपावर डोक्यावरचे कडक ऊन पडते आणि पाने करपतात. आपण म्हणतो, "सावलीचं झाडसुद्धा जगलं नाही." ते सावलीने मेलेले नसते, उन्हाने मेलेले असते. म्हणून भिंतीच्या उत्तरेला नाजूक पानांची रोपे जमिनीत न लावता कुंडीत ठेवावीत आणि मार्च अखेरीस ती ओसरीत किंवा झाडाखाली हलवावीत. जमिनीतच लावायची असतील तर मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वरती शेडनेट किंवा जुनी सुती चादर ताणून द्यावी.

पूर्वेकडे मोकळी जागा असेल तर सकाळचे कोवळे ऊन मिळते. ते जवळपास सगळ्या सावलीच्या झाडांना मानवते. पश्चिमेचे, दुपारनंतरचे ऊन मात्र त्यांना सोसत नाही. जागा निवडताना हे एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

एका फणसाची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भावांची वाटणी झाली. दक्षिणेकडची बाजू थोरल्याकडे गेली, उत्तरेची धाकट्याकडे. थोरल्याने वर मजला चढवला. धाकट्याच्या परड्यात आधीच दादाजींच्या हातचा फणस होता, आता वरून भिंतीचीही सावली आली. धाकट्या सुनेची मिरची, वांगी, टोमॅटो सगळे बंद झाले. रोजची कोथिंबीर बाजारातून येऊ लागली. बोलणे वाढत गेले. जेठानीशी ती धड बोलेनाशी झाली, आणि भिंत तर पाडता येत नाही, म्हणून राग फणसावर निघाला. लाकूडवाला बघून गेला. फणसाच्या लाकडाला भाव आहे, हेही कुणीतरी सांगितले.

दादीमाँ सहसा बोलत नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "झाड पाडून ऊन येईल. मग मे महिन्यात पोरं बसवशील कुठं?"

आम्ही त्या घरी गेलो तेव्हा परडे वर सांगितल्याप्रमाणे दिवसभर पाहिले. कळले ते असे : हिवाळ्यात सावली मुख्यतः भिंतीची होती. फणस पाडला असता तरी डिसेंबरात परड्यात दुपारचे ऊन आलेच नसते. म्हणजे झाड जाणार, फळ जाणार, मे महिन्याचा गारवा जाणार, आणि मिरची तरीही होणार नाही.

शेवटी फणस राहिला. खालच्या चार फांद्या काढल्या, मधली दाटी थोडी विरळ केली. त्यामुळे उजेड आत आला. मिरची आणि कोथिंबिरीच्या कुंड्या वरच्या मजल्याच्या गच्चीवर गेल्या, आणि गच्ची थोरल्याची असल्यामुळे पाणी घालायला जाताना दोन्ही जावांचे बोलणे आपोआप सुरू झाले. खाली परड्यात हळद, आले, अळू आणि फणसावर मिरीची वेल आली. आता हळदीचा अर्धा वाटा वर जातो, मिरचीचा अर्धा वाटा खाली येतो. भिंतीचा विषय कुणी काढत नाही.

झाड तोडण्याआधी एक कायद्याची गोष्टही माहीत असावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी सोळा झाडे आहेत. ही झाडे आपल्या मालकीच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कुणी "आपलं झाड, आपली मर्जी" म्हणाले तरी आधी चौकशी करावी. फांद्या छाटायच्या असल्या तरी बेताने छाटाव्यात. एकाच वर्षी झाड बोडके करू नये, आणि फळांचा हंगाम संपल्यावरच हात लावावा.

स्वयंपाकघरासाठी काय लावावे?

हळद. सावलीत लावायच्या पिकांत आम्ही हिला पहिला मान देतो. गाळीव उन्हात ती उत्तम वाढते. मे अखेर ते जूनमध्ये डोळे फुगलेले गड्डे दोन इंच खोल, एक-एक फुटावर लावावेत. आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीत पाने पिवळी पडून वाळली की काढावी. सावलीत उत्पन्न शेतातल्यापेक्षा कमी येते, पण घरच्या वापराला पुरते. ताजी पानेही वाया जात नाहीत, कोकणात आणि गोव्यात त्यांत पातोळ्या उकडतात. आंबेहळदही अशीच येते, तिचे लोणचे छान होते.

आले. लागवड हळदीसारखीच, फक्त पाणी साचू देऊ नये. साचले की गड्डे कुजतात. म्हणून सपाट जमिनीत न लावता सहा इंच उंच वाफ्यावर लावावे. जुन्या सिमेंटच्या गोणीत खाली भोके पाडून लावले तरी चालते. रोजच्या अद्रक-लसणापुरते ताजे आले चार गोण्यांतून सहज निघते.

अळू. न्हाणीचे किंवा मोरीचे साधे पाणी जाते तिथे, भिंतीच्या ओल्या सावलीत लावावे. काळ्या देठाचे अळू वड्यांसाठी, हिरव्या देठाचे भाजीसाठी. सावलीत पान मोठे आणि कोवळे येते. अळूच्या पानात चुनखडीसारख्या पदार्थाच्या सुईएवढ्या बारीक कण्या असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणूनच आपल्याकडे चिंच किंवा आमसूल घालून, नीट शिजवून खायची रीत आहे.

पुदिना. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात उभ्या ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. अर्ध्या सावलीत पसरट कुंडीत लावावा. जमिनीत लावला तर सगळीकडे पसरतो. सतत खुडत राहिले तरच कोवळा राहतो. रमजानमध्ये चटणीला, शरबताला, बिर्याणीला घरचा पुदिना हाताशी असणे केवढे सोयीचे असते, हे सांगायला नको.

गवती चहा, ओव्याच्या पानांचे झाड आणि कढीपत्ता यांना अर्धी सावली चालते. ओव्याच्या पानाची भजी मुलांना आवडतात. उन्हाळ्यात कोथिंबीर आणि पालक उघड्या उन्हात लवकर तुऱ्यावर येतात. तेव्हा त्यांनाही दुपारची सावली फायद्याचीच ठरते.

झाडावर चढणाऱ्या वेली

काळ्या मिरीसाठी फणस, आंबा, शेवगा, पांगारा यांपैकी कोणतेही झाड आधाराला चालते. जून-जुलैमध्ये बुंध्यापासून एक फूट अंतरावर, शक्यतो उत्तर किंवा ईशान्य बाजूला खड्डा घेऊन रोप लावावे, म्हणजे दुपारचे ऊन लागत नाही. वेल सुतळीने सैल बांधत वर न्यावी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिरी धरू लागते. पाणी तुंबले तर वेल मुळापासून कुजून एकाएकी वाळते, म्हणून बुंध्याशी खळगा राहू देऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास घडातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला की घड तोडून उन्हात वाळवावेत. घरची मिरी यखनीत टाकून पाहा, फरक कळेल.

विड्याच्या पानाची वेलही सावलीचीच. सांगली-मिरजेकडचे पानमळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की शेतकरी आधी शेवरी, शेवगा, हादगा लावून सावली तयार करतात आणि मग त्यावर पानवेल चढवतात. कोकणातही नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावायची 'लाखीबाग' ही पद्धत रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने लोकांपुढे ठेवली. नारळाखालची रिकामी सावली तिथे कमाईची जागा ठरते. आपण जी सावली घालवायला निघतो ती काही पिकांसाठी लोक खर्च करून उभी करतात, एवढे ध्यानात घ्यावे.

फुले आणि पाने

सावलीत फुले येत नाहीत ही समजूत अर्धीच खरी आहे. सोनटक्का ओल्या सावलीत फुलतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची पांढरी, फुलपाखरासारखी फुले संध्याकाळी सारे परडे सुगंधाने भरून टाकतात. एक गड्डा लावला की दोन वर्षांत त्याचे बेट होते. अबोलीला अर्धी सावली मानवते आणि ती वर्षातला बराच काळ फुलते. अनंताला सकाळचे ऊन मिळाले तर तोही चांगला येतो. तेरडा पावसाळ्यात झाडाच्या कडेला सहज उगवतो. त्याचे बी एकदा पडले की दर वर्षी आपले आपण येते. बिगोनियाची फुले लहान असतात, पण ओसरीच्या कुंडीत शोभून दिसतात.

गडद सावलीत फुलांचा हट्ट सोडून पानांची शोभा घ्यावी. नेचे, मनीप्लांट, स्नेक प्लांट, ॲग्लोनिमा ही मंडळी कमी उजेडातही तग धरतात. थोडा उजेड असेल तर कोलियसची लाल-जांभळी पाने फुलांची उणीव भासू देत नाहीत. अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरट किंवा पिवळसर रेघांची पाने लावली की तो कोपरा उजळलेला वाटतो.

आंब्या-फणसाच्या खोडावर कधी कधी आमरी किंवा बाशिंगाचा नेचा आपोआप रुजलेला असतो. "झाडाचा रस शोषतो" म्हणून लोक तो ओरबाडून काढतात. ते खरे नाही. बांडगूळ झाडाचा रस घेते, आमरी आणि नेचे फक्त सालीचा आधार घेतात. त्यांना राहू द्यावे. जंगलातून मात्र ही झाडे तोडून आणू नयेत.

गुलाब, मोगरा, झेंडू, आणि ईदला हवी असणारी मेंदी यांना ऊनच लागते. त्यांना गच्ची, पत्र्याची कड किंवा दारासमोरची उन्हाची पट्टी द्यावी. सावलीत लावून त्यांचे हाल करू नयेत.

माती, पाणी आणि वजूचे पाणी

झाडाखाली लावताना मोठी मुळे तोडू नयेत आणि बुंध्याभोवती मातीचा ढीग चढवू नये. साल कुजून जुने झाड दगावते. मुळांची दाटी असेल तर जमीन खणण्याऐवजी कुंड्या, गोण्या किंवा बुंध्यापासून दूर वीट रचून केलेला वाफा बरा. मिश्रण सोपे आहे : दोन घमेली माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, एक घमेले कुजलेला पालापाचोळा. फणसाची गळलेली पाने जाळू नका. एका कोपऱ्यात ढीग करून ओलसर ठेवली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचे काळेभोर खत तयार होते.

सावलीतली झाडे पाण्यावाचून जितकी मरतात त्याहून जास्त अति पाण्याने मरतात. बोट मातीत दोन इंच घालून पाहा. कोरडे लागले तरच पाणी द्या. फणसाखाली मात्र जानेवारीपासून पाणी वाढवावे लागते.

वजूचे पाणी या कामाला फार चांगले, कारण त्यात साबण नसतो. घरात पाच-सहा माणसे पाच वेळा वजू करत असतील तर ते पाणी घमेल्यात धरून किंवा नळीने परड्याकडे वळवून हळद-आल्याचा वाफा उन्हाळाभर जगवता येतो. कपड्यांचे, भांड्यांचे साबणी पाणी मात्र रोज कुंडीत टाकू नये. आपण लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते झाड जगवायला वजूचे पाणी कामी येत असेल, तर याहून चांगला उपयोग कोणता?

सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली, मुले आणि बकऱ्या. डिफेनबाकिया नावाचे पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे झाड हल्ली घरोघरी दिसते. त्याचे पान किंवा देठ चावले तर जीभ आणि घसा सुजतो, बोलणे बंद पडते. कॅलेडियम आणि कच्चे अळूही असाच त्रास देतात, मनीप्लांटही थोडाफार देतो. लहान मूल रांगत असेल किंवा ईदची बकरी परड्यात बांधत असाल तर डिफेनबाकिया आणूच नये. चुकून चावले गेले तर तोंड पुसून, चूळ भरायला लावून, थंड पाणी किंवा दूध द्यावे आणि सूज दिसताच दवाखाना गाठावा.

दुसरी, डास. कुंडीखालच्या बशा आणि मनीप्लांटच्या बाटल्या यांतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

तिसरी, गोगलगायी. पावसाळ्यात शंखी गोगलगायी एका रात्रीत कोवळी पाने फस्त करतात. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी काठीने किंवा हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर मात्र टाकू नका, त्याने मातीच बिघडते.

चौथी, दाराजवळची दाटी. मागच्या दारापासून तीन-चार फुटांची पट्टी मोकळी ठेवावी. गर्द झाडोऱ्यात पावसाळ्यात साप-विंचू आसरा घेतात. रात्री परड्यात जाताना हातात बॅटरी असावी.

वर्षाचा हिशेब

एप्रिल-मे मध्ये सावली मोजा, शेडनेट बांधा, वाफे आणि खत तयार ठेवा. जूनच्या पहिल्या पावसावर हळद, आले, अळू, सोनटक्का लावा. जुलैमध्ये मिरी आणि पानवेल. ऑगस्ट-सप्टेंबरात तण काढा, गोगलगायी आवरा, हळदीला मातीची भर द्या. पाऊस सरला की पुदिना आणि कुंडीतली फुले. डिसेंबरात भिंतीची सावली कुठवर येते तिथे खडूने खूण करा, पुढच्या वर्षी ती खूण उपयोगी पडते. जानेवारी-फेब्रुवारीत हळद-आले काढा आणि बियाण्यापुरते चांगले गड्डे वेगळे करून सावलीत, कोरड्या वाळूत ठेवा.

पहिल्या वर्षी सगळे लावायचा हट्ट नको. हळदीचे दहा गड्डे, अळूचे चार कांदे, पुदिन्याची एक कुंडी आणि मिरीची एक वेल, एवढ्यावर सुरुवात करा. हळद आणि अळूचे बियाणे शेजारणीकडे मागितले तरी मिळते. पुढच्या वर्षी तुमच्याकडे इतके होईल की देण्यासाठी तुम्हालाच शेजारीण शोधावी लागेल, इन्शाअल्लाह. आणि परड्यातल्या जुन्या झाडाला कुऱ्हाड लावण्याचे घरात कुणी बोलत असेल, तर त्याला आधी दिवसभर खडे ठेवून सावली मोजायला सांगा.